बारा ते दीड

"माझ्या बायकोचा आवाज चोरीला गेलाय," म्हाताऱ्यानं दारातूनच सांगितलं.

भाच्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं चष्मा वर सरकवला आणि समोरची खुर्ची पायानंच पुढे ढकलली. "बसा. आधी पाणी घ्या आणि मग पहिल्यापासून सांगा."

या दोघांची ओळख इथंच करून दिलेली बरी. आत्यानं बत्तीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली होती. खोटी वजनं पकडता पकडता तिला माणसंही तोलायची सवय लागली, आणि निवृत्त झाल्यावर तिनं खाजगी तपासाचा धंदा मांडला. कुणी कुठलाही आकडा सांगितला की तिचा एकच प्रश्न असायचा, "कशात?" 'दूध दोन आणलंय' म्हटलं तरी 'कशात? लिटरांत की पिशव्यांत?' या प्रश्नानं तिनं अख्ख्या घराचं डोकं खाल्लं होतं. भाचा म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. वय पंचेचाळीस, डोक्यावर टक्कल, मनानं सोनं आणि बुद्धीनं, खोटं कशाला बोला, जरा सावकाश.

म्हातारा पाणी प्यायला. "मला सगळे तारकाका म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं लाइनी टाकल्या. बायकोही तिथेच. ती वेळ सांगायची."

"वेळ?" भाच्यानं विचारलं.

"फोन फिरवला की बाई वेळ सांगायची ना? 'दहा वाजून बारा मिनिटं झाली आहेत.' ती माझी बायको. बारा तासांची सातशेवीस मिनिटं, आणि एकेका मिनिटाचं वेगळं रेकॉर्डिंग. तुकडे जोडून वाक्य करू म्हणाले, तर ऐकेना. म्हणाली, माणूस वेळ विचारतोय, त्याला नीट अख्खं वाक्य सांगायला नको?"

मग एकदम बोलून गेला, "सहा वर्षं झाली तिला जाऊन. घरात तिचा एक शब्द साठवलेला नाही. रोज शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाचं कोण रेकॉर्डिंग करतं हो? म्हणून मी फोन फिरवायचो. दिवसातून दहादा. लेक म्हणायची, बाबा, भिंतीवर घड्याळ आहे की! असू दे, म्हणायचो, ते बोलत नाही."

भाच्यानं नाक ओढलं. त्याला रडू लवकर येतं.

पुढची हकिगत अशी होती. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी जुनं एक्स्चेंज बंद झालं. वेळ सांगायचं काम दुसऱ्या गावच्या नव्या केंद्राकडे गेलं आणि तिथं मशीनचा आवाज आला. एक्स्चेंजच्या साहेबांनी तारकाकांना शब्द दिला होता, की सगळं मूळ रेकॉर्डिंग आधी केंद्राकडे पोचवू आणि मग त्याची एक प्रत तुम्हाला देऊ. आता केंद्र म्हणतं, आमच्याकडे काही नाही. आणि इकडे जुनी डिस्क कोरी.

"डिस्कताईनं पुसली," तारकाका म्हणाले. "डिस्कांची खोली तिच्याकडे असते. पुसली आणि 'माझी चूक' एवढं बोलून तोंडात गुळणी धरून बसलीय! कसली चूक? विकला असणार तिनं आवाज. हल्ली मशीनला बोलायला शिकवण्यासाठी आवाज विकत घेतात म्हणे. मी तक्रार केलीय. सोमवारी तिची चौकशी आहे, नोकरी जाईल. जाऊ दे! पण आवाज कुठे गेला ते मला कळायला हवं."

"पाठवायला वेळ अपुरा पडला असेल," आत्या म्हणाली.

तारकाका उसळले. "वेळ? माल अठराशे मेगा, आणि लाइन दोन मेगाची, माझ्या हातची. अठराशे भागिले दोन, नऊशे सेकंद. पंधरा मिनिटं! एवढ्यात चहा पिऊन कप विसळून होतो."

"कशात?" आत्यानं विचारलं.

"कशात म्हणजे? बाई, छत्तीस वर्षं मी लाइनीत घालवलीत!"

"बरं. बाईंना शेवटचं कधी ऐकलंत?"

"त्याच शुक्रवारी, तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. चारला सेवा बंद झाली. राहवेना म्हणून साडेचारला पुन्हा फिरवला, तर डिस्कताईनं उचलला. दोन शब्द बोललो आणि ठेवला." त्यांनी डोळे पुसले. "माझं दुसरं काही उरलेलं नाही हो. तेवढा आवाज मिळवून द्या."

*

एक्स्चेंजच्या इमारतीत आता फक्त धूळ आणि साहेब उरले होते. साहेब खुर्च्या मोजत होते.

"पाच म्हणजे पाच, असं मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "पाचला वीज तोडायची होती. भंगारवाल्याचा टेम्पो खाली उभा होता. आणि डिस्क कोरी केल्याशिवाय बाहेर काढायची नाही असा नियम आहे. चुंबकाच्या यंत्रात घातली की संपलं, मग ब्रह्मदेव आला तरी त्यातून काही निघत नाही."

"मग नेली का भंगारवाल्यानं?"

साहेबांनी मान खाली घातली. "डिस्कांचं कपाट टेम्पोत मावलं नाही. अजून इथंच आहे."

"म्हणजे घाई उगाचच," भाचा म्हणाला.

"आता तसंच म्हणायचं."

"हा जुना आवाज नव्या केंद्राला हवा होता का?" आत्यानं विचारलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "खरं सांगू? नको होता. लोक तुलना करतात आणि मशीनला नावं ठेवतात. तो आवाज येऊ नये असं मला वरून दोनदा सुचवलं गेलं. पण काकांना मी शब्द दिला होता."

भाच्यानं आत्याला कोपरानं ढोसलं. आत्यानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही आणि रजिस्टर मागितलं. त्यात साहेबांनीच लिहिलं होतं: 'लाइनवरून पाठवणं सुरू ४.४०. थांबवलं ४.५५. डिस्क कोरी केली ४.५८. वीज बंद ५.००.'

डिस्कांच्या खोलीत फ्रिजएवढं राखाडी कपाट उभं होतं. त्याचं दार सताड उघडं होतं, भिंतीला टेकलेलं. आत्यानं ते ओढून बंद केलं. दाराच्या बाहेरच्या अंगाला वहीच्या पानाएवढा एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ होता आणि चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते. कपाटाच्या आतून एक जाड केबल बाहेर आली होती. तिचं एक टोक आत स्क्रूनं घट्ट आवळलेलं, दुसरं मोकळं लोंबत होतं. खाली टेबलावर नवी डिस्क होती, अजून पाकिटात, सील न तोडलेली. शेजारी कागदाचं पॅड होतं. आत्यानं ते उजेडाकडे धरलं.

'१८०० ÷ ५ = ३६० से. = ६ मि.' यावर आडवी काट मारलेली.

त्याखाली: '१८०० ÷ २ = ९०० से. = १५ मि.' ही ओळ दोनदा अधोरेखित केलेली.

"माझंच अक्षर आहे," मागून आवाज आला.

डिस्कताई पन्नाशीच्या पुढची होती. चौकशीपर्यंत तिला रोज येऊन बसायचा हुकूम होता. काम काहीच नव्हतं, तरी टेबल स्वच्छ पुसलेलं होतं.

"पुसली मी. माझी चूक. लिहून घ्या आणि जा," ती म्हणाली.

"घेते की. हे पाच कसलं?"

"या केबलचा वेग. सेकंदाला पाच मेगा. एका डिस्कवरून दुसरीवर न्यायचं तर ही जोडतात."

"मग दुसरं टोक का नाही जोडलं? सहाच मिनिटांचं काम होतं."

"राहिलं."

"आणि दारावर काय चिकटवलेलं होतं?"

डिस्कताईचा हात पर्सवर गेला आणि लगेच मागे आला. "जुना कागद होता. पडला असेल."

"आवाज कुणाला विकलात?" भाच्यानं आपलं घोडं पुढे दामटलं.

तिला राग आला नाही. "विकीन मी? काकूंनीच मला या खोलीत आणलं. त्या बोलायच्या आणि मी बटण दाबायची. एकेक रेकॉर्डिंग अर्ध्या मिनिटाचं आहे. फोनवर त्यातली पहिली पाच सेकंदंच जायची. पुढं त्या काय काय बोलायच्या ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. त्यांच्या घरीसुद्धा नाही."

"मग काकांना सांगा ना खरं काय ते. त्यांनी तुमचीच तक्रार केलीय."

"माहीत आहे. करू दे," डिस्कताई खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "त्यांना रागवायला कुणीतरी हवं ना."

आत्यानं पुढं काही विचारलं नाही. बाहेर येऊन तिनं नव्या केंद्राला फोन लावला आणि भाच्याला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"आमच्याकडे काही आलेलं नाही," केंद्रप्रमुख ठसक्यात म्हणाले. "आणि त्या शुक्रवारी साडेचारनंतर आमच्याकडे फोन उचलायलाही कुणी नव्हतं."

"काही आलं नाही, की पूर्ण आलं नाही?"

"अर्धवट आलेलं आम्ही नाकारतो. नाकारलेलं आलेल्यात धरत नाही."

"आणि नाकारलेलं जातं कुठं?"

"बाजूच्या खणात पडून राहतं. तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

आत्यानं भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं बोटांवर दिवस मोजले. "आज सत्ताविसावा दिवस, आत्या."

"मग उभा काय राहिलास? गाडी काढ!"

*

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिघं तारकाकांच्या घरी पोचली. डिस्कताईला आत्यानं जवळजवळ ओढूनच आणलं होतं. रस्ताभर तिचं एकच पालुपद होतं, "जाऊ दे ना हो, खरं सांगायचं कशाला?"

तिला दारात पाहताच तारकाकांनी तोंड फिरवलं. खोली नीटनेटकी होती. खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर कुणी बसत नसावं, कारण गादी जरासुद्धा दबलेली नव्हती. मध्ये टेलिफोन होता. सगळे बाजूच्या बाकावर बसले.

"कोणी केलं?" तारकाकांनी विचारलं.

"साहेबांनी!" भाचा म्हणाला. "घाई त्यांची, हुकूम त्यांचा आणि आवाज येऊ नये असं वरून सुचवलं तेही त्यांनाच. अगदी सरळ आहे."

"अरे, ज्याला आवाज बुडवायचा तो रजिस्टरात मिनिटं कशाला लिहील? आणि दिलेल्या शब्दाची आठवण आपल्या तोंडानं कशाला करून देईल?" आत्या म्हणाली. "साहेबांनी घाई केली. तेवढाच त्यांचा गुन्हा, आणि तो त्यांना पुरेल."

"मग ही," तारकाका म्हणाले.

"हिला चोरायचं असतं तर कसं चोरलं असतं? केबल आत आवळलेली, नवी डिस्क टेबलावर. सहा मिनिटांत प्रत तयार झाली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. तिनं ते पाकीट फोडलंसुद्धा नाही. म्हणजे आधी ती तुमच्यासाठी केबलनंच प्रत काढणार होती. पॅडवर तसा हिशोब आहे. मग तो खोडला आणि लाइनवरून पाठवायचं ठरवलं. केव्हा? केबल अर्धी जोडून झाल्यावर आणि चार चाळीसच्या आधी."

"आत्याबाई, पुरे," डिस्कताई म्हणाली.

आत्या थांबली नाही, पण तिचा आवाज खाली आला. "पाठवणं चार चाळीसला सुरू झालं आणि चार पंचावन्नला थांबवलं. बरोबर पंधरा मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. घाबरलेला माणूस असं घड्याळ लावून थांबत नाही. हिशोबावर विश्वास ठेवणारा थांबतो. सगळं पोचलं अशी हिची खात्री होती, म्हणून हिनं डिस्क चुंबकात घातली. केंद्राला विचारून बघावं, तर तिथं फोन उचलायला कुणी नव्हतं. तर हा पंधरा मिनिटांचा हिशोब हिला कुणी दिला, एवढाच प्रश्न उरतो. तो हिचा नव्हे. डिस्कवाली बाई लाइनीचा वेग तोंडपाठ सांगत नाही."

"पंधरा मिनिटं बरोबरच आहेत," तारकाका म्हणाले.

"केंद्राच्या खणात मला रेकॉर्डिंग सापडलंय, काका. सगळं नाही. नाकारलेल्यात पडलं होतं."

तारकाका उभेच राहिले. "किती?"

"सातशेवीसांतली नव्वद."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी नुसता आनंद आला. मग तो माणूस छत्तीस वर्षं करत आला होता तेच त्यानं केलं. मनातल्या मनात भागाकार केला.

"आठवा हिस्सा," ते म्हणाले. "बरोबर आठवा." ओठ हलत राहिले. "लाइन दोन मेगा... बिट. अठराशे मेगा..."

"बाइट," आत्या म्हणाली.

"म्हणजे काय?" भाच्यानं कुजबुजत विचारलं.

"तारवाले बिट, म्हणजे दाणे मोजतात आणि डिस्कवाले बाइट, म्हणजे मुठी. एका मुठीत आठ दाणे. ह्यांची लाइन सेकंदाला दोन मेगा दाणे नेते, आणि माल होता अठराशे मेगा मुठी. आधी आठानं गुणायचं, मग भागायचं. पंधरा मिनिटं नव्हे, दोन तास लागले असते. ज्यानं जन्मात फक्त तारा पाहिल्या आणि जिनं फक्त डिस्का पाहिल्या, ते आपापल्या घरात कधी चुकले नाहीत. चुकले ते दोन घरांच्या मधल्या उंबऱ्यावर."

तारकाका खुर्चीत बसले. "साडेचारचा फोन," ते म्हणाले. "ती म्हणत होती, काका, केबलनं नव्या डिस्कवर घेते आणि घरी आणून देते. मीच म्हटलं, डिस्कचा काय भरवसा, हातातून पडली तर? आणि... आणि म्हटलं, तिचा आवाज शेवटचा माझ्या तारेवरून जाऊ दे. मीच टाकलेली लाइन आहे. पंधरा मिनिटांत जाईल, म्हटलं. मी म्हटलं!"

डिस्कताईनं पर्स उघडली आणि घड्या पडलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. लाइनीच्या वेगावरून डिस्कचा वेग काढायचा तक्ता होता तो. लाल शाईत वरच लिहिलं होतं, 'लाइनीचा वेग आधी आठानं भागा.'

"सव्वीस वर्षं दारावर होता," ती म्हणाली. "केबल जोडायला दार उघडलं आणि तक्ता भिंतीकडे गेला. काका, तुम्ही सांगितलंत म्हणून मी पाहिलाच नाही. तुम्ही लाइनीबद्दल कधी चुकल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी दार लावायला गेले तेव्हा दिसला. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून काढून घेतला."

"आणि महिनाभर चोर म्हणवून घेतलंस? माझ्याकडून?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही स्वतःला माफ केलं नसतं. माझी नोकरी काय, चारच वर्षं उरलीत."

तारकाकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता रडले. भाचा आधीच रडत होता. आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. सांगितलं नसतं तर एका बाईची नोकरी गेली असती, आणि सांगितलं तर हे. बत्तीस वर्षं तोलूनसुद्धा ही दोन पारडी तिला समान करता आली नव्हती.

बऱ्याच वेळानं तारकाका उठले. डिस्कताईसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. तिनं ते धरून खाली केले. "असं नका करू हो, काका."

"तक्रार आजच मागे घेतो, पोरी. साहेबाला माझ्या हातानं लिहून देतो, चूक माझी होती म्हणून."

"आपली होती," ती म्हणाली. "बसा आता. बारा वाजत आलेत."

तिनं पर्समधून छोटं यंत्र काढून टेलिफोनशेजारी ठेवलं. रात्री जागून तिनं ते असं लावलं होतं, की ज्या मिनिटाचं रेकॉर्डिंग त्याच मिनिटाला वाजावं. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे एकमेकांवर आले.

"बारा वाजले आहेत," खोलीत एक स्वच्छ, जरासा हसरा आवाज म्हणाला.

तारकाकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. फोनवर आवाज इथं तुटायचा. इथं तो पुढं चालू राहिला. कागद सरकल्याचा आवाज आला, मग खाकरणं. "बरं आलं का गं?"

एकेक मिनिट येत गेलं. बारा वाजून सात मिनिटं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आटप बाई लवकर. आमचे हे खाली उभे असतील. जास्त वेळ थांबले की कुणालाही धरतात आणि लाइनीबद्दल सांगत बसतात." तारकाका हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "बघा, बघा कशी बोलते!" ते आत्याला म्हणाले.

जेवायची वेळ टळून गेली, पण कुणी उठलं नाही. एक वाजला, सव्वा वाजला. सगळ्यांना ठाऊक होतं की हे कुठं संपणार, आणि कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं.

"एक वाजून एकोणतीस मिनिटं झाली आहेत," ती म्हणाली. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि एक थकलेला सुस्कारा. "जरा पाणी दे गं. अजून पुष्कळ आहेत."

यंत्र थांबलं.

सेकंदकाटा हळूहळू वर चढला. तारकाका ताठ बसले, घसा साफ केला, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी अख्खं वाक्य नीट सांगितलं. "एक वाजून तीस मिनिटं झाली आहेत."

डिस्कताई उठली आणि पाणी आणायला आत गेली.